पाण्याची खूण

तळ्याच्या काठाला, होड्या पाण्यात उतरवतात तिथे, चिखलात एक लाकडी पट्टी रोवलेली आहे. तिच्यावर रंगाने इंचांच्या खुणा काढल्या आहेत. ऑगस्ट सरत आला असताना मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा सोबतच्या आजी आधी त्या पट्टीकडे गेल्या. समोर नजर पोहोचेल तिथवर हिरवं-पिवळं पीक पाण्यात उभं होतं. त्याच्याकडे त्यांनी नंतर पाहिलं. आधी वाकून खूण वाचली, स्वतःशीच मान हलवली आणि मग चिमूटभर तंबाखू पाण्यावर सोडली.

कुडाळजवळच्या आमच्या मळ्यात बाबाही असंच करायचे. सकाळी बांधावर पोहोचले की आधी मोरीपाशी बसायचे, पाण्यात बोटं बुडवून ते कितव्या पेराला लागतं ते बघायचे. भाताकडे नजर त्यानंतर जायची. रात्री पावसाचा जोर वाढला की कंदील घेऊन मोरी फोडायला निघायचे आणि आई दारात उभी राहायची. म्हणून त्या आजी मला पहिल्याच दिवशी ओळखीच्या वाटल्या.

मी मिनेसोटातल्या डुलुथला राहते, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला. बावीस वर्षं इथल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासले. इथल्या तळ्यांत उगवणाऱ्या या धान्याला इंग्रजीत ‘वाइल्ड राइस’ म्हणतात. अनिशिनाबे लोक, ज्यांचा उल्लेख पुस्तकांत ओजिब्वे किंवा चिपेवा असा सापडतो, त्याला मनूमिन म्हणतात. ‘चांगला दाणा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. इंग्रजी नाव मला पटत नाही. ज्या पिकाची बी माणसं पुन्हा पाण्यात टाकतात, ज्याच्यासाठी पाण्यावर नजर ठेवतात, ज्याच्या कापणीचा दिवस गावातली जाणती माणसं ठरवतात, त्याला रानटी कसं म्हणायचं? या धान्याबद्दल मी जितकं वाचलं आणि ऐकलं, तितकं मला वाटत गेलं की त्याचा इतिहास म्हणजे पाण्याच्या पातळीचा इतिहास. पाणी किती ठेवायचं हे कोणाच्या हाती होतं, एवढं विचारत गेलं की बाकीचं उलगडत जातं.

नांगराशिवाय आलेलं धान्य आपल्यालाही परकं नाही. आई ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खात नसे. गावच्या तळ्याच्या कडेला देवभात उगवायचं, लांब कुसळांचं, हात लागताच झडणारं. पहाटे चार बायका सूप घेऊन तिकडे जायच्या. मनूमिनही नेमकं भाद्रपदाच्या सुमाराला पिकतं आणि अनिशिनाबे त्या महिन्याला मनूमिनच्या कापणीचाच चंद्र म्हणतात. पण आमचं देवभात व्रतापुरतं, मूठभर. इकडे अख्ख्या लोकांचा हिवाळा त्या दाण्यावर निघत होता.

वनस्पतीशास्त्रात हे आपल्या भाताचं लांबचं भावंड आहे, झिझेनिया नावाच्या वेगळ्या प्रजातीतलं. लावणी नाही, तरवा नाही. दाणा पाण्यात पडतो तेव्हा त्याचं टोक खाली असतं आणि काटेरी कुसळ वर; बाणाला पिसं असावीत तसं. तो सरळ खाली जाऊन गाळात रुततो. मग वर बर्फ धरतं. तीन-चार महिने गोठणबिंदूजवळच्या पाण्यात काढल्याशिवाय तो रुजतच नाही. काही दाणे तर वर्षानुवर्षं गाळात झोपून राहतात. वसंतात कोंब फुटतो आणि जूनमध्ये लांब, फितीसारखी पानं पाण्यावर आडवी पसरतात. हे दिवस सगळ्यात नाजूक. मुळांची पकड अजून सैल असते आणि पान पाण्यावर तरंगत असतं. अशा वेळी पाणी अचानक फूटभर चढलं तर रोप गाळातून उपटून वर येतं नाहीतर बुडून मरतं. ढोबळमानाने अर्धा ते तीन फूट पाणी, हळू वाहणारं, तळाशी मऊ गाळ, एवढंच त्याला हवं. पण ते दरवर्षी हवं. तरीही चांगल्या तळ्यात सगळी वर्षं सारखी नसतात. भरघोस पीक आलं की त्याचा पेंढा पाण्यात कुजताना नत्र अडकवून ठेवतो आणि पुढचं वर्ष पडतं. चार वर्षांत एखादं वर्ष अगदीच हलकं जाणार, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं आणि त्या वर्षी त्या तळ्यात काठी लावायची नाही हेही.

अनिशिनाबे लोकांच्या परंपरेत ते या तळ्यांकडे कसे आले याची कथा आहे. पूर्वी ते अटलांटिक समुद्राच्या बाजूला राहत. पश्चिमेला जा, जिथे पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा, अशी भविष्यवाणी त्यांना झाली. पिढ्यान्‌पिढ्या, मुक्काम करत करत, ते महासरोवरांच्या काठाने आले आणि सुपीरियर सरोवरातल्या मॅडलिन बेटावर स्थिरावले. विल्यम वॉरेन या ओजिब्वे आईच्या मुलाने वडीलधाऱ्यांकडून ऐकून आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो १८८५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी छापला गेला. दुसरी कथा नानाबोझोची. तो शिकारीहून रिकाम्या हाताने परततो तर चुलीवरच्या मडक्याच्या काठावर एक बदक बसलेलं. बदक उडून जातं आणि मडक्यातल्या पाण्यात अनोळखी दाणे तरंगत असतात. तो ते खातो, बदक गेलं त्या दिशेला निघतो आणि तळ्यात उभं असलेलं पीक त्याला सापडतं. बदकाने दाखवलं, हे मला फार खरं वाटतं. सप्टेंबरात त्या तळ्यांवर रानबदकं उतरतात तेव्हा कोणी कोणाचं अन्न शोधलं हे सांगणं कठीण होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या तळ्यांवर अनिशिनाबे पहिले नव्हते. त्यांच्याआधी डकोटा लोक हेच धान्य काढत होते. त्यांच्या भाषेत ते ‘प्सिन’. अठराव्या शतकात या दोन समाजांमध्ये ज्या लढाया झाल्या त्यांत ही तळी कोणाची हाही प्रश्न होता. मेनोमिनी नावाचं आणखी एक राष्ट्र आहे. त्यांचं नावच मनूमिनवरून पडलेलं आहे आणि फ्रेंच व्यापाऱ्यांनीही त्यांना याच धान्यावरून नाव दिलं होतं.

आता कापणीचं सांगते, कारण ती मी पाहिली आहे आणि तिच्यातला थोडा भाग हातांनी केला आहे.

होडीत दोघंच असतात. एक जण मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. काठीच्या टोकाला बेचकी असते, म्हणजे ती गाळात रुतत नाही आणि मुळंही उपटत नाही. वल्हं चालत नाही. दुसरा बसतो. त्याच्या दोन हातांत देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या दोन हलक्या काठ्या. एका काठीने उजवीकडची ताटं होडीवर ओणवायची, दुसरीने लोंबीवरून हलकेच हात फिरवल्यासारखं झटकायचं, मग डावीकडची. पिकलेले दाणे होडीत पडतात. हिरवे लोंबीलाच राहतात, कारण लोंबी वरून खाली एकेक करून पिकते. म्हणून त्याच तळ्यात काही दिवसांनी परत जाता येतं. काही दाणे पाण्यात पडतातच. आजी म्हणाल्या, ते तळ्याचे. मिनेसोटाच्या कायद्यातही काठी ३० इंचांहून लांब आणि एक पौंडाहून जड नसावी असं लिहिलेलं आहे. जोरात मारलं तर ताट मोडतं आणि ताट मोडलं की उरलेलं पीक गेलं.

होडीभर पीक घेऊन काठावर आलो तेव्हा माझी मनगटं, मान, पापण्यासुद्धा कुसळांनी खाजत होत्या. त्यात दाण्यांमधल्या अळ्या चावतात. झोडणीच्या दिवशी अंगाला जी खाज सुटायची ती मला चाळीस वर्षांनी परत भेटली.

पूर्वी कापणीआधीच बायका तळ्यात जाऊन ताटांच्या जुड्या बांधत. बासवूड झाडाच्या सालीचा दोर घेऊन, प्रत्येकीची गाठ मारायची रीत वेगळी. त्याने दाणा वाऱ्याने आणि पाखरांनी झडायचा कमी होई आणि कोणतं पीक कोणत्या घरचं हेही कळे. आल्बर्ट जेंक्स या अभ्यासकाने १९०० च्या सुमाराला या धान्यावर मोठा अहवाल लिहिला. त्यात या जुड्यांचं वर्णन आहे. त्याने या साऱ्याला ‘आदिम अर्थव्यवस्था’ म्हटलं. शब्द त्या काळचा. पण वाचताना दिसतं ते हे की पाण्यात सातबारा नव्हता, तरी कुणाचं काय हे गाठीवरून ओळखलं जात होतं आणि ती गाठ बायकांच्या हातची होती.

मग वाळवण. बर्चच्या सालीवर, आता ताडपत्रीवर, दाणे पसरून हात फिरवत राहायचं. मग भाजायचं. लोखंडी काहिलीखाली मंद जाळ, आणि वल्ह्याने सतत हलवायचं. क्षणभर थांबलं की करपतं. भाजल्यामुळे तूस ठिसूळ होतं, दाणा टिकतो. आमच्या उकड्या तांदळासारखंच हे, फक्त आम्ही वाफ देतो, ते धूर देतात. त्यानंतर जमिनीत लाकडी फळ्या लावलेला उथळ खड्डा, त्यात भाजलेलं धान्य, आणि हरणाच्या कातड्याचे मऊ, नवे जोडे घातलेला एखादा हलक्या अंगाचा मुलगा. दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्यांना धरून तो दाण्यांवर पाय घोळवतो. टाच दाबायची नाही, पंजा फिरवायचा. याला ते नाचणंच म्हणतात. शेवटी बर्चच्या सालीच्या पसरट टोपलीत पाखडणं. आजींच्या हातातली टोपली खाली-वर होताना मी पाहत होते. तूस वाऱ्यावर गेलं आणि दाणा टोपलीच्या मागच्या बाजूला सरकला. माझ्या आजीच्या सुपात अगदी असाच सरकायचा.

असा हातचा दाणा करडा-तपकिरी दिसतो, पंधरा-वीस मिनिटांत शिजतो आणि त्याला धुराचा, ओल्या गवताचा वास असतो. दुकानात मिळणारा काळा कुळकुळीत लांब दाणा शिजायला तासभर घेतो. तो बहुतेक वेळा तळ्यातला नसतोच. त्याच्याकडे पुढे येते.

सतराव्या-अठराव्या शतकात फर विकत घ्यायला आलेले व्यापारी हिवाळा या धान्यावर काढत. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत ते पोत्यापोत्याने आहे. पुढे फरचा व्यापार ओसरला आणि सरकारला जंगल हवं झालं, पाइनचं लाकूड हवं झालं. २९ जुलै १८३७ ला फोर्ट स्नेलिंगपाशी करार झाला. ओजिब्वे प्रमुखांनी मोठा मुलूख लिहून दिला, पण शिकार, मासेमारी आणि मनूमिन गोळा करण्याचा हक्क त्याच मुलखात राखून ठेवला. करारात मनूमिनचं नाव आहे. जमीन देतानाही पाण्यातलं अन्न त्यांनी सोडलं नाही.

तेरा वर्षांत तो शब्द मोडायला निघाले. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधल्या ओजिब्वेंना पश्चिमेला हलवण्याचा हुकूम काढला. लोक हलेनात, म्हणून जमिनीच्या बदल्यात मिळणारी वार्षिक देणी वाटण्याचं ठिकाणच बदललं. मॅडलिन बेटाऐवजी मिनेसोटातलं सँडी लेक, आणि तेही ऐन ऑक्टोबरात. लोक होड्यांतून, पायी, शेकडो मैल आले. पैसे आले नव्हते, पुरेसं धान्य नव्हतं, जे होतं ते खराब. त्या वर्षी पाणी चढल्याने मनूमिनही बुडालं होतं. एरवी ज्या तळ्यांनी त्यांना जगवलं असतं ती रिकामी होती. गोवर आणि आमांशाने माणसं गेली. डिसेंबरात थोडंफार वाटप झालं तेव्हा पाणी गोठलं होतं, होड्या टाकून बर्फातून परतावं लागलं. तळ्याकाठी आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे ४०० जण मेले. १८५२ मध्ये नव्वदी ओलांडलेले प्रमुख केचेवाइश्के वॉशिंग्टनला गेले, राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले, आणि हुकूम मागे घेतला गेला. १८५४ च्या करारात त्यांच्या लोकांना त्याच मुलखात राखीव जमिनी मिळाल्या.

माणसांना हलवता आलं नाही, मग पाणी हलवलं. असा कोणी कट रचला असं मी म्हणत नाही. पण झालं तसंच.

मिनीअॅपलिसच्या पीठगिरण्यांना आणि मिसिसिपीवरच्या नौकांना उन्हाळ्यात पाणी कमी पडे. त्यासाठी नदीच्या उगमाकडच्या सरोवरांवर १८८० च्या दशकात सरकारी सैन्याच्या अभियंत्यांनी धरणं बांधली. विनिबिगोशिश, लीच लेक, पोकेगामा, पुढे सँडी लेकसुद्धा. या सरोवरांच्या उथळ कडांनाच मनूमिन होतं. पाणी वर चढलं, कडा खोल झाल्या. आणि गिरण्यांसाठी दारं उघडली की तेच पाणी भलत्या वेळी खाली जाई. इंचाइंचावर जगणाऱ्या रोपाला शेकडो मैलांवरच्या जात्यांच्या वेळापत्रकावर जगायला सांगितलं गेलं.

विस्कॉन्सिनमधलं पाक्वावाँग मला सगळ्यात जास्त छळतं. लाक कूर्त ओरे या राखीव प्रदेशातलं गाव, चिपेवा नदीकाठचं, भोवती मनूमिनची तळी. विजेसाठी धरण बांधायचं ठरलं. गावकऱ्यांनी संमती दिली नाही, तरी केंद्राकडून परवाना निघाला. १९२३ मध्ये विंटर धरणाची दारं बंद झाली आणि सुमारे १५ हजार एकरांचा जलाशय पसरला. घरं गेली, मनूमिन गेलं. थडगी हलवू असं वचन होतं; बरीच थडगी तशीच पाण्याखाली गेली आणि नंतर काठावर हाडं वर येत राहिली. १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली तेव्हा गावच्या लोकांनी आणि अमेरिकन इंडियन मूव्हमेंट या मूळ रहिवाशांच्या चळवळीतल्या तरुणांनी धरणावर ठाण मांडलं. कोयनेच्या, उजनीच्या बुडीत गावांतल्या माणसांना हे समजवावं लागणार नाही.

पुढचं पटकन सांगते. १९५० पासून मिनेसोटात बांध घातलेल्या खाचरांत या धान्याची लागवड सुरू झाली. विद्यापीठाने न झडणारी वाणं काढली, म्हणजे यंत्राने कापता येईल अशी. १९७७ मध्ये मिनेसोटाने वाइल्ड राइसला राज्यधान्य ठरवलं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाची खाचरं मिनेसोटाच्याही पुढे गेली. काळा, तासभर शिजणारा दाणा तो हाच. तळ्यातल्या दाण्याचा भाव त्याने पाडला. जनुकांच्या अभ्यासाबद्दल विद्यापीठाशी अनिशिनाबे नेत्यांचा जो वाद १९९८ पासून चालला, त्यात त्यांचं म्हणणं साधं होतं: न झडणाऱ्या दाण्याचे पराग उडत तळ्यात आले तर? झडणं हीच त्या धान्याची पेरणी आहे.

माझं स्वतःचं काम मला या सगळ्याशी फार उशिरा जोडता आलं. आमच्या प्रयोगशाळेत सल्फेटची चाचणी व्हायची, बाटल्यांवर तळ्यांची नावं असायची. मनूमिनच्या पाण्यात सल्फेट लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नको, हा मिनेसोटाचा नियम १९७३ चा आहे. जॉन मॉयल या जीवशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तळी धुंडाळून पाहिलं होतं की जास्त सल्फेटच्या पाण्यात हे पीक चांगलं उभं राहत नाही. कारण पुढे कळलं. हवा नसलेल्या गाळात जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, सडक्या अंड्याच्या वासाचं, आणि ते कोवळ्या मुळांना मारतं. लोखंडाच्या खाणींतून हे सल्फेट येतं. नियम पन्नास वर्षांचा, पण त्याची अंमलबजावणी क्वचितच झाली. मी आकडा लिहायचे, कागद पुढे जायचा. १० च्या पुढे किती आकडे मी लिहिले असतील! त्या बाटल्यांमागे एक पट्टी आहे, एक होडी आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. याची टोचणी आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केलं की १८३७ च्या करारातले हक्क मिल लॅक्सच्या ओजिब्वे लोकांना आजही आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये व्हाइट अर्थ राखीव प्रदेशाच्या अनिशिनाबे शासनाने स्वतःच्या कायद्यात मनूमिनलाच हक्क दिले: असण्याचा, वाढण्याचा, स्वच्छ पाण्याचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तेलवाहिनीच्या कामासाठी पाच अब्ज गॅलनपर्यंत पाणी उपसायची परवानगी मिळाली होती, तेव्हा त्यांच्या न्यायालयात दावा दाखल झाला. वादींच्या यादीत पहिलं नाव मनूमिनचं होतं. मार्च २०२२ मध्ये त्यांच्याच अपील न्यायालयाने ठरवलं की राखीव हद्दीबाहेर परक्यांनी केलेल्या कामावर आपला अधिकार चालत नाही. दावा फेटाळला गेला. निकाल वाचताना मला जुड्यांच्या गाठी आठवल्या. धान्य कोणाचं हे त्या सांगत होत्या. पाणी कोणाचं हे सांगणारी गाठ कोणी बांधली नव्हती.

गेल्या सप्टेंबरात आजींनी एक पोतं बाजूला ठेवलं. न भाजलेलं, ओलसर. भाजलेला दाणा रुजत नाही. आम्ही ते घेऊन एका शेजारच्या खाडीसारख्या कोपऱ्यात गेलो, जिथे बीव्हरांच्या बांधाने पाणी तुंबून वीसेक वर्षं पीक आलं नव्हतं. आता तिथे बाहेर जाणाऱ्या ओढ्यावर चौकट बसवली आहे, तिच्यात एकावर एक फळ्या. आजींच्या नातवाने वरची एक फळी काढली. पाणी खळखळत पुढे सरकलं. मी नकळत गुडघ्यावर बसले आणि बोटं पाण्यात घातली.

“किती?” आजींनी होडीतून विचारलं.

“दोन पेरं उतरलं,” मी मराठीतच म्हणाले, आणि मग दोन बोटं वर करून दाखवली.

त्यांनी मुठीने दाणे फेकायला सुरुवात केली. ते क्षणभर कुसळं वर करून उभे राहिले, मग एकेक करून खाली गेले.